पोट्ट्यांना वर्गात धमाकाच पाहिजे, काय करू?

मॅडम, नमस्कार. मी पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं दुसरं वर्ष. वर्गात ४८ मुलं, तास ३५ मिनिटांचा आणि तोही मधल्या सुट्टीनंतरचा, म्हणजे अर्धी मुलं पेंगत असतात. प्रयोगशाळेच्या खोलीत सध्या मोडकी बाकं ठेवली आहेत. मागच्या महिन्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन ज्वालामुखी केला. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. दुसऱ्या दिवशी विचारलं, बुडबुडे कशाचे होते? एकाचाही हात वर आला नाही. उलट एक जण म्हणाला, “सर, मोबाइलमधी याच्याहून भारी रायते. तुम्ही धमाका कधी करान?” २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे आणि मोठ्या मॅडमना काहीतरी दिसण्यासारखं हवं आहे. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी आणि पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन, हे दोन प्रयोग माझ्या मनात आहेत. असेच आणखी चार-पाच सुचवाल का? खर्च मलाच करायचा आहे.

सर,

तुम्ही जोरदार प्रयोग मागितलेत, पण मी अडकले ते दुसऱ्या दिवशी वर न आलेल्या हातांवर. ती गोष्ट तुम्हाला लागली म्हणून तुम्ही ती लिहिलीत. टाळ्या मिळाल्या, तास संपला, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या दोन प्रयोगांचं, कारण तारीख जवळ आली आहे.

डायक्रोमेट नको. नारिंगी ढिगातून ठिणग्या उडतात, हिरवी राख फुगत बाहेर येते, दिसायला फार सुंदर. माझ्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी तो दाखवला आहे. पण त्या नारिंगी पदार्थातलं क्रोमियम ज्या रूपात असतं, ते श्वासावाटे गेलं तर कर्करोगाला कारण ठरू शकतं. राखेबरोबर न जळालेले बारीक कणही उडतात आणि वर्गात पंखा चालू असतो. मैदानातही नको, मागच्या व्हरांड्यातही नको. जुन्या कपाटात ती बाटली असेल तर उघडू नका, मोठ्या मॅडमना लेखी कळवा.

परमँगनेट आणि ग्लिसरीनचा प्रयोग मी स्वतः केला आहे, आणि तो का सोडला तेही सांगते. जानेवारीतली थंड सकाळ होती. बशीत चमचाभर परमँगनेट, मधोमध खळगा, खळग्यात ग्लिसरीन. साधारण अर्ध्या मिनिटाने धूर आला, मग जांभळट ज्वाळा. मुलं खूश, मीही खूश. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या तुकडीला तोच प्रयोग दाखवायला घेतला. आपल्याकडचा एप्रिल, दुपारची वेळ, वर पत्रे. आणि या वेळी छान दिसावं म्हणून मी परमँगनेट कुटून बारीक केलं होतं. ग्लिसरीन ओतून हात मागे घ्यायच्या आतच ज्वाळा उठली. पदराचं टोक जळलं. एक ठिणगी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या उघड्या वहीवर पडली आणि पानाला बोराएवढं भोक पडलं. तिने वही झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. ती माझ्यावर विश्वास ठेवून पहिल्या बाकावर बसली होती. त्या दिवसानंतर मी तो प्रयोग वर्गात केला नाही.

त्या दिवशी जे झालं तेही रसायनशास्त्रच होतं. पदार्थ गरम असला की अभिक्रिया वेगाने होते, आणि बारीक केला की जास्त पृष्ठभाग मिळाल्यामुळे आणखी वेगाने होते. हेच दोन धडे विनाधोका देता येतात. केमिस्टकडे पाण्यात टाकली की फसफसणारी व्हिटॅमिन सीची गोळी मिळते. तीन ग्लास घ्या. एकात माठाचं पाणी आणि अख्खी गोळी, दुसऱ्यात कोमट पाणी आणि अख्खी गोळी, तिसऱ्यात माठाचंच पाणी पण गोळी चुरून. कुठली आधी संपेल? टाकायच्या आधी हात वर करायला लावा, फळ्यावर मतं लिहा, मग टाका. घड्याळ मुलांच्या हातात द्या. पहिल्या आणि तिसऱ्या ग्लासात पाणी तेच आणि गोळीही तीच असताना फरक का पडला, यावर जी भांडणं होतील ती होऊ द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या ज्वालामुखीत मुलांनी काही पणाला लावलं नव्हतं. फेस वर येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तो आला, टाळ्या वाजल्या, गोष्ट संपली. मुलाने आधी एक बाजू धरली असेल आणि पुढे दिसलं ते त्याच्या अंदाजाला धरून नसेल, तर तो घरी जातानाही त्याचाच विचार करत असतो. मोबाइलमध्ये कितीही मोठा स्फोट दिसला तरी मोबाइल त्याला विचारत नाही, की बाळा, तुला काय वाटतं, आता काय होईल? ते फक्त तुम्ही विचारू शकता.

म्हणून तोच ज्वालामुखी परत करा. खरंच सांगते, तोच. पण या वेळी तो चार तास चालू द्या.

पहिल्या तासाला ज्वालामुखीचा डोंगर नको. मोठा जग घ्या, त्यात दोन चमचे खायचा सोडा, वरून अर्धा कप व्हिनेगर. पंखा बंद. फेस बसला की शेजारी मेणबत्ती लावा आणि जग तिच्यावर असा वाकवा, की आतलं पाणी सांडणार नाही. जगातून काहीच पडताना दिसत नाही आणि ज्योत विझते. मी हा प्रयोग कितीदा केला असेल, तरी त्या क्षणी वर्गात जी शांतता होते ती दर वेळी मिळाली आहे. आधी विचारा, मी रिकामा जग ओतला तर काय होईल? रिकामा जगही ओतून दाखवा, मेणबत्ती जळतच राहते. मग भरलेला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो, म्हणून तो पाण्यासारखा ओतता येतो. हे वाक्य तुम्ही शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर पाहण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा तास चुन्याच्या निवळीचा. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी गाळून झाकणाच्या बाटलीत भरा. झाकण घट्ट हवं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच ती गढूळ होते. इथे एक गोष्ट निक्षून सांगते. चुना मुलांच्या हातात द्यायचा नाही. नागपुरात पावलापावलावर पानठेला आहे, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या निमित्ताने चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब घराघरात पडलेल्या असतात, आणि मुलं त्या दाबून खेळतात. ट्यूब फुटून चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं, नजर जाऊ शकते. हे वर्गात बोला. डोळ्यात गेलाच तर लगेच नळाखाली भरपूर पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही आणि तसंच दवाखान्यात न्यायचं, हेही सांगा. मुलांना फक्त निवळी द्या, तीही काचेच्या ग्लासात बोटभर. प्रत्येकाची स्ट्रॉ वेगळी, आणि स्ट्रॉच्या वरच्या भागात टाचणीने भोक पाडून ठेवा. मग चुकून कोणी ओढलं तरी निवळी तोंडापर्यंत येत नाही, फुंकता मात्र येतं.

फुंकलं की निवळी दुधासारखी होते. इथे बहुतेक शिक्षक थांबतात. तुम्ही थांबू नका. “अजून फुंका.” बराच वेळ फुंकत राहिलं की दूध परत निवळायला लागतं. मुलं गोंधळतात. एक मुलगा माझ्या वर्गात ओरडला होता, “मॅडम, ह्याचं दूध कोणी पेलं?” पहिल्यांदा कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून गढूळ दिसलं. त्यातच आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं. आठवीच्या मुलांना हे समजतं. सातवीला नावं नाही सांगितली तरी चालेल, दोन वेगळे पदार्थ झाले एवढं पुरे.

तिसरा तास माझा सर्वांत आवडता, आणि त्याला खर्च शून्य आहे. मुलांना सांगा, घरून अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणा आणि बाटलीवर लिहा, कुठलं? नळाचं, बोरिंगचं, विहिरीचं, आरओचं. आपल्या शहराच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, पण तुमच्या भागात बोरिंगची घरंही खूप असणार. अंगाच्या साध्या साबणाच्या वडीचा कीस आरओच्या पाण्यात विरघळवून साबणपाणी करून ठेवा. डिटर्जंट किंवा शाम्पू नको, त्याने फरक नीट दिसत नाही. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक बाटलीत तेवढंच साबणपाणी टाका, दहा वेळा हलवा आणि पट्टीने फेसाची उंची मोजा. एका बाटलीत चार बोटं फेस, दुसऱ्यात फेसच नाही, वर पांढरी साय तरंगते आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, म्हणून फेस होत नाही. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. दुष्फेन पाणी हा पुस्तकातला शब्द मुलांना त्याच दिवशी पाठ होतो, कारण तो त्यांच्या घरच्या बाटलीवर बसतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची, वर्षभरात तिने एकदाही प्रश्न विचारला नव्हता. तिच्या बाटलीत फेस आलाच नाही. पोरं हसायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती उठली आणि म्हणाली, “म्हणूनच आमची आई म्हणते साबण पुरून नाही रायला. मॅडम, पाणी उकळून आणू का उद्या?” मी तिला उकळायला सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणली आणि त्याला थोडा तरी फेस आला. शिवाय ती घरच्या पातेल्याच्या तळाशी जमलेला पांढरा थर चमच्याने खरवडून कागदाच्या पुडीत घेऊन आली होती. ती पुडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, वहीच्या कागदाची, चार घड्या घातलेली.

त्याच पुडीतून चौथा तास निघतो. पातेल्यातला किंवा बकेटीच्या कडेचा तो पांढरा थर बशीत ठेवा आणि वर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे येतात. हे बुडबुडे आधी कुठे पाहिले? आता हात वर येतील, बघा. ज्वालामुखीतला कार्बन डायऑक्साइड, निवळीतलं दूध, बकेटीवरचा थर, सगळं एकाच गोतावळ्यातलं. अंड्याचं कवच आणा, भिंतीच्या जुन्या चुन्याचा पोपडा आणा, खडू आणा, सगळ्यांवर एकेक थेंब टाका. बाजारातले बरेच खडू जिप्समचे असतात, ते फसफसत नाहीत. म्हणजे हा पांढरा पदार्थ वेगळा आहे हे मुलांना थेंबाने कळतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. पाण्याच्या प्रश्नावर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात आहे. तुमच्या मुलांनी बाटल्यांमध्ये जे केलं ते तिथल्या कामाचं पहिलं पाऊल आहे, हेही त्यांना सांगा. आपल्या गावात कोणीतरी यावर नोकरी करतं हे कळलं की मुलांचे डोळे वेगळे दिसतात.

आता विज्ञान दिनाला दिसण्यासारखं काय, ते. फेब्रुवारी म्हणजे मृग बहाराची संत्री बाजारात आलेली असतात. नागपुरात राहून संत्र्यावर प्रयोग करायचे नाहीत म्हणजे काय!

ताज्या संत्र्याची साल घ्या, बाहेरची बाजू ज्योतीकडे करून मेणबत्तीजवळ चिमटीत दाबा. सालीतून तुषार उडतात आणि ज्योतीत चटचट ठिणग्या फुलतात. मागचे दिवे बंद केलेत तर मागच्या बाकापर्यंत दिसतं. ते पाणी नाही, तेल आहे. त्यात मुख्यतः लिमोनिन असतं आणि ते जळतं. हा धमाका घ्या, सर, मुलांना हवा होता ना! साल सुकलेली असली तर उडत नाही, साल जाड आणि टवटवीत बघून घ्या, आणि हे तुमच्या हाताने करा. मग मेणबत्ती विझवून दूर ठेवा आणि फुगवलेल्या साध्या फुग्यावर तीच साल दाबा. बहुतेक वेळा फुगा फाटकन फुटतो, कारण लिमोनिन रबराला विरघळवतं. काही जाड फुगे फुटत नाहीत, म्हणून स्वस्तातले पातळ घ्या आणि आदल्या दिवशी करून बघा. थर्माकोलच्या तुकड्यावर साल घासली तर तो खडबडीत होतो, तेही दाखवा. एक साल, तीन गोष्टी, आणि तिन्हींना एकच कारण.

दुसरा संत्र्याचा प्रयोग मुलांच्या हातचा. चमचाभर कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात उकळून पातळ पेज करा, गार होऊ द्या. ग्लासभर पाण्यात त्या पेजेचा एक चमचा आणि वर जखमेला लावतात त्या आयोडिनच्या औषधाचे काही थेंब. पाणी काळंनिळं होतं. आता ड्रॉपरने संत्र्याचा रस थेंब थेंब टाका आणि मोजा. मोजता मोजता एका थेंबाला रंग पूर्ण जातो. रसातलं क जीवनसत्त्व आयोडिनचं रूपांतर आयोडाइडमध्ये करतं आणि स्टार्चला निळं करायला आयोडिन उरतच नाही. ज्या रसाचे थेंब कमी लागतात त्यात क जीवनसत्त्व जास्त. मग चार रस लावा: ताजा, पाच मिनिटं उकळलेला, कालचा, आणि डब्यातलं संत्र्याचं पेय. अंदाज आधी फळ्यावर. सगळी मुलं म्हणतील डब्यातलं हरणार, आणि कधी कधी ते हरत नाही, कारण काही पेयांत क जीवनसत्त्व वेगळं घातलेलं असतं. मग डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लावा. उकळल्याने फारसा फरक पडला नाही तर घाबरू नका, पाच मिनिटांत सगळं क जीवनसत्त्व जात नाही. दिसलं तेच लिहायचं. आणि प्रयोगातला रस कोणी पिणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. संत्री दिसली की मुलांचा हात जातोच. खाण्यासाठी वेगळी आणा.

तुमच्याकडे परमँगनेट आणलेलं असेल तर तेही वाया जाणार नाही. एक कण, खरंच एकच, उभ्या ग्लासातल्या पाण्यात वरून सोडा. जांभळी रेघ तळापर्यंत उतरते. मग ग्लास ढवळून त्यात संत्र्याचा रस टाका, जांभळा रंग जातो, आधी थोडी तपकिरी छटा येऊ शकते. परमँगनेटमध्ये मँगनीज असतं आणि मँगनीजच्या खाणी आपल्या रामटेकच्या वाटेवर मनसरला आहेत. वर्गात एखादा तरी मुलगा तिकडचा निघेल.

कच्च्या बटाट्याचा प्रयोग थोडक्यात. केमिस्टकडे २० व्हॉल्यूमचं, म्हणजे सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून तीन टक्क्यांचं करा. व्हिडिओत हत्तीची टूथपेस्ट म्हणून जे दाखवतात त्याला तीस टक्क्यांचं वापरतात, ते कातडी भाजतं, ते आणू नका. दोन ग्लासांत थोडं थोडं ओता, एकात कच्च्या बटाट्याच्या फोडी, दुसऱ्यात उकडलेल्या. कच्चा फसफसतो, उकडलेला गप्प बसतो. बटाट्यातलं कॅटलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पेरॉक्साइड फोडतं आणि उकडल्यावर ते निकामी होतं. फेसात धुमसती अगरबत्ती धरली तर टोक लखकन उजळतं, तो ऑक्सिजन. जखमेवर नर्सबाई हेच ओततात तेव्हा फेस का येतो, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. आपल्या रक्तातही तेच विकर असतं.

हळदीच्या कागदाचा प्रयोग तुम्ही पुस्तकातून करतच असाल, साबणाने लाल होतो तो. त्यात एक पेच आहे, तेवढा वापरा. हळदीच्या कागदावर लिंबू पिळा. काही होत नाही. मग विचारा, “म्हणजे लिंबू आम्ल नाही का?” हळद आम्लातही पिवळीच आणि साध्या पाण्यातही पिवळीच, ती फक्त आम्लारी, म्हणजे साबण-सोड्यासारखे पदार्थ, ओळखते. मुलं कोड्यात पडली की जास्वंदीच्या पाकळ्यांचं गरम पाणी काढा, ते लिंबाने गुलाबी-लाल होतं आणि खायच्या सोड्याने हिरवट. एक दर्शक पुरत नाही हे मुलांना पेचात पडल्यावरच पटतं. कुंकवाची गोष्टही इथेच सांगा, पूर्वी हळदीला चुना लावूनच ते लाल करत. आजीला विचारून या म्हणावं.

एक प्रयोग मात्र सावध राहून करा, कारण त्याचं चुकीचं कारण अजून अनेक वर्गांत सांगितलं जातं. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती, वर ग्लास पालथा, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन संपला, तेवढी जागा पाण्याने घेतली, असं आपण सांगतो. ते खरं नाही. ऑक्सिजन सगळा संपायच्या आधीच ज्योत विझते. नीट बघा, ग्लास ठेवताना कडेने हवेचे बुडबुडे बाहेर जातात, कारण आतली हवा तापून फुगलेली असते. ज्योत विझल्यावर ती हवा थंड होऊन आकसते आणि पाणी वर चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! हा प्रश्न आठवीच्या मुलांपुढे ठेवा आणि पाच मिनिटं गप्प बसा. मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी एकट्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुराला वरून काडी लावली की ज्योत धुरातून खाली उतरून वात पेटवते, हे त्याने दाखवलं होतं. तुमच्या वर्गातही ते दिसेल, फक्त वारा नको.

४८ मुलांचं कसं करायचं? आठ-आठचे सहा गट. प्रत्येक गटात एक मोजणारा, एक लिहिणारा, एक ओतणारा, दर आठवड्याला कामं बदलायची. लिहिण्याचं काम हुशार मुलीलाच दिलं जातं, तसं होऊ देऊ नका. पांढऱ्या कागदावर प्लॅस्टिकचं कव्हर ठेवलं की थेंबाथेंबाचे प्रयोग त्यावरच होतात, भांडी लागत नाहीत, पुसायलाही सोपं. हार्डवेअरच्या दुकानात साधे चष्मे मिळतात, सहा घ्या. एक बादली पाणी आणि एक बादली वाळू कायम दारापाशी. जळत्या दिव्यात स्पिरिट कधी ओतायचं नाही. आणि मुलांना एकदा ठासून सांगा, बाथरूमचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर घरी कधीही एकत्र करायची नाही, त्यातून क्लोरिन निघतो. व्हिडिओ पाहून मुलं घरी काय करतात ते आपल्याला दिसत नाही, म्हणून हे बोलायलाच हवं.

विज्ञान दिनाला तुम्ही स्वतः मंचावर उभे राहू नका. संत्र्याच्या ज्योतीचा प्रयोग तेवढा तुमच्या हातात ठेवा. बाकी सहा टेबलं सहा गटांना द्या आणि पालकांना बोलवा. पाहणाऱ्याने आधी अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, मग मूल प्रयोग करून दाखवेल, असा नियम ठेवा. महापालिकेच्या शाळांमधली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या वस्तूंवर प्रयोग करून मोठ्या माणसांना समजावतात, ते एकदा मुलांना घेऊन बघून या. गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्रही सहलीला चांगलं, पण ते नंतर. आधी मुलांच्या हाताला काम मिळू द्या.

मोठ्या मॅडमना पाण्याच्या बाटल्यांचा प्रयोग आधी दाखवा. त्यांच्याही घरचं पाणी मागवा.

बाटल्या सोमवारच्या तासाला सांगा, मंगळवारी आणायला. शनिवारी सांगितलंत तर रविवारच्या खेळात निम्मी पोरं विसरतील. आणि चार-पाच भरलेल्या बाटल्या स्वतः नेऊन ठेवा, रिकाम्या हाताने आलेल्यांना द्यायला.